भरून दिलेली गाणी, पुसलेली नावं

बिदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) या जिल्ह्यांत मराठी गाणं आणि मराठी सिनेमा लोकांपर्यंत कसा पोहोचला, याचा इतिहास कंपन्यांच्या दप्तरात सापडायचा नाही. तो बसस्टँडसमोरच्या कॅसेटच्या टपऱ्यांत, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातल्या कळकट संगणकात आणि ट्रॅक्टरच्या टेपला खोचलेल्या पेनड्राइव्हमध्ये आहे. त्यातला बहुतेक माल विनापरवाना. पायरसीवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते एक तर निर्मात्यांच्या वतीने गळा काढणारं असतं, नाहीतर ‘तिकिटं महाग केलीत, आता भोगा’ अशा थाटाचं. सीमाभागाचा अनुभव या दोन्हींत बसत नाही. इथे आधी प्रश्न होता तो मिळण्याचा. किमतीचा प्रश्न नंतर आला. आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही तो प्रश्न नावाचा.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद हा सगळा पट्टा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात मराठवाड्याच्या जोडीने होता. भाषावार प्रांतरचनेत तो म्हैसूर राज्यात, म्हणजे पुढच्या कर्नाटकात गेला. सोयरिकी, आठवडी बाजार, पंढरीची वाट यांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. सिनेमाच्या धंद्यावर मात्र झाला. हिंदी सिनेमाच्या वितरणात आजही ‘निझाम’ नावाचा इलाखा आहे. निझाम जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी त्याच्या नावाने सिनेमाचे हक्क विकले जातात, आणि तेलंगणाबरोबर हे जिल्हे त्यात धरले जात आले आहेत. मराठी सिनेमाचा हिशेब वेगळा. तो महाराष्ट्रापुरता विकला जातो आणि उमरगा-उदगीरपाशी थांबतो. त्यात २००४ साली कर्नाटक फिल्म चेंबरने परभाषी चित्रपट सात आठवडे उशिरा लावण्याचा निर्बंध घातला. तो निघाला होता हिंदी, तमिळ, तेलुगूच्या मोठ्या चित्रपटांवर. पण त्या मांडणीत बिदरच्या मराठी प्रेक्षकासाठी जागाच नव्हती. त्याने सिनेमा पाहायला सोलापूर किंवा लातूर गाठायचं, नाहीतर सीडी शोधायची. ज्या गावात माल अधिकृतपणे विकायलाच आलेला नाही, तिथे चोरटी प्रत घेणाऱ्याने नेमकी कोणती विक्री बुडवली?

कॅसेटच्या काळापासून बघू. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने ऐंशीच्या दशकात बाजारात उडी घेतली, ती स्वस्त कॅसेट आणि ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ची कायद्यातली फट या दोन जोरांवर. जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या नव्या गळ्यांतल्या आवृत्त्या निघाल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकाचा रोख हाच आहे: स्वस्त कॅसेटने चोरबाजार फोफावला खरा, पण त्याच कॅसेटने प्रादेशिक आणि लोकसंगीताला पहिल्यांदा स्वतःची बाजारपेठ दिली. आपल्याकडे त्याचा पुरावा म्हणजे प्रल्हाद शिंदे. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही एकाच गळ्यातून घरोघरी गेली, ती कॅसेटमुळे. सीमाभागातल्या दलित वस्त्यांत १४ एप्रिलला लाऊडस्पीकरवर जे वाजायचं, त्याला ना चित्रगृहाची गरज होती ना आकाशवाणीच्या वेळापत्रकाची.

टपरीवर कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट घ्यायची आणि कागदावर यादी द्यायची. दोन दिवसांनी ती ‘भरून’ मिळायची. दुकानदार स्वतःच्या अक्षरात आतल्या पुठ्ठ्यावर गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव लिहायचा. गीतकार, संगीतकार तिथेच गळाले. गायक मात्र टिकला. हा धंदा बेकायदा होता, पण त्याला निवड होती, थोडी जाण होती. कोणत्या गाण्यामागे कोणतं शोभेल हे दुकानदाराला कळायचं, आणि तीस मिनिटांच्या बाजूत काय मावतं याचा अंदाज त्याला कंपनीइतकाच पक्का असायचा.

किंमत उतरली की चोरी आपोआप घटते, हा सिद्धांत नंतर एकदा मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. मोझर बेअर या कोऱ्या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने २००७च्या सुमारास अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. पायरेटेड तबकडीच्या जवळपास त्याच भावात खरा माल मिळू लागला, मराठी चित्रपटांसकट. लोकांनी घेतलाही. २०११मध्ये जो कारागॅनिस यांनी संपादित केलेल्या ‘मीडिया पायरसी इन इमर्जिंग इकॉनॉमीज’ या अभ्यासाने सांगितलं ते हेच: विकसनशील देशांतली पायरसी हा मुळात किमतीचा प्रश्न आहे, नीतीचा किंवा पोलिसांचा नंतर. पण तोवर तबकडीचेच दिवस भरत आले होते. २०१८मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली. रास्त भाव सापडला तेव्हा माध्यमच बदललं होतं.

मग आलं मेमरी कार्ड. दुकानावर पाटी: ‘मोबाईलमध्ये गाणी टाकून मिळतील’. संगणकात फोल्डर लावलेले असत: मराठी लगीन, भीमगीते, भजन, कव्वाली, कन्नड जानपद, बंजारा, डीजे. एका पडद्यावर या भागाची अख्खी भाषिक वीण दिसायची. कोणत्याही अकादमीच्या यादीत ती इतकी खरी दिसली नसती. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘चार जीबी भर, काय बी टाक.’ गाण्याचा भाव गाण्यावर ठरत नव्हता, वजनावर ठरत होता. फाईल उघडली की गायकाच्या जागी ज्या संकेतस्थळावरून ती उतरवली त्याचं नाव, गाण्याच्या जागी ‘ट्रॅक ०३’. डीजेच्या फोल्डरात तर कमालच. मूळ चाल कुणाची, शब्द कुणाचे याचा पत्ता नाही. पण दर मिनिटाला गाणं कापून डीजेच्या नावाची आणि गावाची आरोळी घातलेली. दुसऱ्याचा माल उचलणाराही स्वतःची सही विसरत नाही.

मला या सगळ्या व्यवहारातली खरी हानी इथे दिसते. नक्कल आपल्या परंपरेला नवी नाही. अभंग, पदं, भारुडं हजारो तोंडांनी नकलून घेतली, एकाही प्रतीला परवानगी नव्हती. पण संतकवींनी एक तजवीज करून ठेवली होती: शेवटच्या कडव्यातली नाममुद्रा. तुका, नामा, एका जनार्दनी. गाणारा कुणीही असो, गाणं पूर्ण म्हणायचं तर कर्त्याचं नाव त्याच्या तोंडून निघणारच. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड, हिंदीत पदं रचली. तिथे दत्तजयंतीच्या दरबारात आजही ती गायली जातात आणि त्यांत ‘माणिक’ असतोच. आंबेडकरी जलशाची परंपरा पुढे नेणाऱ्या वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतही ‘वामन’ येतो. ज्यांच्याकडे ना छापखाना होता ना वकील, त्यांनी हा हक्क गाण्याच्या पोटातच शिवून ठेवला.

आजच्या तीस सेकंदांच्या क्लिपमध्ये पहिला बळी जातो तो याच शेवटच्या कडव्याचा. मुखडा राहतो, ठेका राहतो, नाव जातं. रीमिक्स, रील, स्टेटस यांनी संगीताचा गाभा बिघडवला अशी ओरड आहे. ती मला अर्धीच पटते. लोकसंगीत नेहमीच नव्या ठेक्यात शिरत आलं आहे. पण कर्त्याचं नाव सोडून शिरणं हे मात्र याच काळाचं.

कायदा काय करतो? कर्नाटकाने २०१४मध्ये गुंडा कायद्यात दुरुस्ती करून डिजिटल गुन्हेगार आणि ऑडिओ-व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना त्यात ओढलं. महाराष्ट्राने ते २००९मध्येच एमपीडीए या आपल्या तशाच कायद्यात केलं होतं. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना गाणी भरून देणारा पोरगा कागदोपत्री हातभट्टीवाल्याच्या आणि झोपडपट्टीदादाच्या रांगेत. केंद्राने २०२३मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला: चोरून चित्रीकरणाला तीन महिने ते तीन वर्षं कैद, किमान तीन लाख दंड, आणि तो चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२४च्या ‘रॉब रिपोर्ट’ने भारतातल्या पायरसीचं अर्थकारण २०२३साठी २२,४०० कोटींचं ठरवलं. हा आकडा उद्योगाच्या बाजूने आला आहे, हे लक्षात ठेवून वाचावा. बिदरच्या प्रेक्षकाने फोनवर पाहिलेला, त्याच्या गावात कधी लागलाच नसता असा मराठी सिनेमा, यालाही नुकसान म्हणायचं का, हे आधी ठरायला हवं.

कर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती वेगळीच होती, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने चित्रपटगीतांवरचा गीतकार-संगीतकारांचा पुढचा हक्क जवळपास निर्मात्यांच्या खिशात गेला होता. जावेद अख्तर यांच्या पाठपुराव्यानंतर २०१२मध्ये कायदा बदलला आणि रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. म्हणजे इतकी वर्षं कर्त्यांचा वाटा बुडत होता तो पायरसीवाल्यांमुळेच नव्हे. बराचसा रीतसर, सह्याशिक्क्यानिशी बुडत होता. एकरकमी पैसे घेऊन घरी गेलेल्या लोकगायकाला चोरट्या कॅसेटने गरीब केलं असं म्हणायला फारसा आधार नाही. अधिकृत कॅसेटनेही त्याला पुढे काही दिलं नव्हतं.

आता नवी व्यवस्था बघू. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि मेमरी कार्डाची दुकानं ओस पडली. गाणं आता भरून घ्यावं लागत नाही. वरवर पाहता सगळं कायदेशीर झालं. पण चिंचोलीच्या तांड्यावरच्या बंजारा गायिकेला किंवा औरादच्या भजनी मंडळाला यातून काय मिळतं? २०२४पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं वर्षात एक हजार वेळा वाजलं नाही तर त्याचा पैसा मोजलाच जात नाही. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं ही नेहमीची अट. मोठ्या बाजारात हा उंबरठा ठेंगणा आहे. एका तालुक्याच्या बोलीत गाणाऱ्याला तो अंगणातच अडवतो. शिवाय हक्क तपासणारं यंत्र सूर ओळखतं, परंपरा ओळखत नाही. शंभर वर्षं सर्वांचं असलेलं पद एखाद्या कंपनीने ध्वनिमुद्रित केलं की त्याच चालीत गाणाऱ्या मंडळाच्या व्हिडिओवर हक्काचा दावा येऊ शकतो. पदावर कंपनीचा हक्क नसतो, फक्त तिच्या ध्वनिमुद्रणावर असतो. पण हे मंडळाने कुणाला आणि कोणत्या भाषेत समजावून सांगायचं?

सिनेमाच्या तिकिटाकडे येऊ. कर्नाटक सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये तिकिटाची कमाल किंमत कर सोडून २०० रुपये ठरवली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. बंगळुरूच्या मल्टिप्लेक्समध्ये पाचशे-हजार मोजणाऱ्याला ही मर्यादा मोठा दिलासा वाटली असेल. कलबुर्गीच्या खेड्यातून पाहिलं तर चित्र निराळं आहे. कर्नाटकात रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३७० रुपये होती. चौघांचं कुटुंब २००च्या तिकिटावर १८ टक्के कर भरून बसलं तर ९४४ रुपये, म्हणजे अडीच दिवसांच्या मजुरीहून जास्त, जाण्यायेण्याचं भाडं सोडून. दुसरीकडे नेटफ्लिक्सचा मोबाईलपुरता महिना १४९ रुपयांना मिळतो, पण मराठी सिनेमा झी-५, प्राइम, अल्ट्रा झकास असा चौफेर विखुरलेला. प्रत्येकाची किंमत सुटी पाहिली तर रास्त, बेरीज केली तर नाही.

तरीही फुकट मिळतं म्हणून लोक पैसे देत नाहीत हे खोटं आहे. २०१६च्या ‘सैराट’च्या चोरट्या प्रती फोनोफोनी फिरल्या, आणि तरी तो शंभर कोटींचा गल्ला पार करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. कर्नाटकात तो पुढच्या वर्षी ‘मनसु मल्लिगे’ होऊन कन्नडमध्ये आला, रिंकू राजगुरूलाच घेऊन. सीमेच्या अलीकडची बाजारपेठ कन्नड निर्मात्याला दिसली, मराठी वितरकाला ती आजही नीट दिसत नाही.

रास्त किंमत म्हणजे, मला वाटतं, तीन गोष्टींची एकत्र खात्री: माल प्रेक्षकाच्या गावापर्यंत पोहोचावा, त्याचा भाव तिथल्या रोजंदारीशी सुसंगत असावा, आणि त्यातून काहीएक वाटा नावानिशी कर्त्याकडे जावा. या कसोटीवर कॅसेटची टपरी पहिल्या दोहोंत उतरली आणि तिसरीत नापास झाली. आजचे प्लॅटफॉर्म पहिलीत उतरतात, दुसरीत काठावर, आणि लहान कलावंताच्या बाबतीत तिसरीत टपरीहून फारसे पुढे नाहीत. म्हणून पायरसीविरुद्धची मोहीम फक्त दंड आणि संकेतस्थळं बंद करण्यापुरती राहिली, तर ती मोठ्यांचं दुकान राखेल. भालकीतल्या शाहिराचं काही राखणार नाही.

करण्यासारखं आहे ते फार खर्चिकही नाही. मराठी निर्मात्यांनी बिदर-कलबुर्गी हा महाराष्ट्राबाहेरचा म्हणून सोडून दिलेला प्रदेश लातूर-सोलापूरच्या जोडीने त्याच दिवशी, तालुक्याला परवडेल अशा तिकिटात उघडावा. जयंती, उरूस, जत्रांच्या समित्या मंडपवाल्याला आणि डीजेला रोख बिदागी देतातच. त्यात स्थानिक गीतकाराचा हिस्सा धरावा आणि पत्रकावर त्याचं नाव छापावं. प्लॅटफॉर्मनी गायकाच्या जोडीला गीतकार-संगीतकाराचं नाव सक्तीने मागावं, आणि लहान भाषांसाठी उंबरठा वेगळा ठेवावा. पैसा किती, यावर वाद होत राहील. नाव मात्र आजच देता येतं, त्याला एक रुपयाही लागत नाही. आणि जो समाज नावही देत नाही, त्याने पैशाच्या चोरीबद्दल फार मोठ्याने बोलू नये.