चर्चेतील सहभाग : मोजणी आणि पारख

पदव्युत्तर वर्गांत चर्चेतील सहभागाला गुण द्यावयाचे म्हटले की विद्यार्थी किती वेळा बोलला, याची नोंद करणे सर्वांत सोपे असते; म्हणून पुष्कळदा तीच सहभागाची कसोटी होऊन बसते. या सोयीला शास्त्राचा आधार कितपत आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

वर्गातील बोलण्याचे वर्गीकरण करणारी नेड फ्लँडर्स यांची दशप्रकारी पद्धत आपल्याकडील शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. तीत दर ३ सेकंदांना एक नोंद होते. १० प्रकारांपैकी ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्याच्या बोलण्याचे आणि उरलेला एक शांतता अथवा गोंधळ यांचा. शिक्षकाचे वर्तन न्याहाळण्यास ही योजना उपयुक्तच आहे. परंतु तिच्या बळावर विद्यार्थ्याचे मूल्यमापन करू गेल्यास तिची मर्यादा उघडी पडते. विचारमग्न मौन आणि कोलाहल ही दोन्ही तिच्या लेखी एकच ठरतात.

सिंक्लेअर व कुल्थार्ड यांनी १९७५ मध्ये मांडलेले विश्लेषण याच्या पुढे जाते. प्रारंभ, प्रतिसाद आणि अभिप्राय या क्रमात उक्तीचे स्थान कोणते, यावर तिचे कार्य ठरते, हे त्यांनी दाखविले. तथापि त्यांची सामग्री शिक्षकाच्या सूत्रचालनाखालील शालेय वर्गांची होती. विद्यार्थ्यांच्या आपसांतील विचारविनिमयाला तो साचा अपुरा पडतो.

येथे न्यायसूत्रांतील भेद उपकारक ठरतो. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, विजयासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न स्थापता केवळ परपक्ष खोडते ती वितंडा. मोजणीच्या तक्त्यात या तिन्हींना सारखेच गुण मिळतील. किंबहुना वितंडा करणाराच पुढे जाण्याचा संभव अधिक. दोनदाच बोलून ज्याने चर्चेला योग्य वळण दिले, तो मात्र मागे पडेल.

मग पारख कशाची करावी? उक्तीच्या संबंधाची. मराठीत या संबंधाच्या खुणा भाषेतच असतात. ‘तेही खरे, पण’ असे म्हणणारा ‘ते’ने पूर्वीच्या उक्तीकडे निर्देश करतो, ‘ही’ने तिचा स्वीकार करतो आणि ‘पण’ने तिला मर्यादा घालतो. अर्थात खूण म्हणजे पुरावा नव्हे. ‘पण’ म्हणून विषयांतर करणारेही असतात. म्हणून परीक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात : पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला गेला काय, त्यात आधाराची भर पडली काय, आणि पुढील वक्त्यांना तिचा उपयोग झाला काय.

अशी पारख व्यक्तिसापेक्ष होईल, हा आक्षेप गैर नाही. निकष आगाऊ जाहीर करणे आणि दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण देणे, हे त्यावरील उपाय होत. त्यांना वेळ लागेल. तो देणे शक्य नसेल, तर सहभागाला गुणच न देणे अधिक न्याय्य. कारण चुकीची मोजणी केवळ गुण चुकविते असे नाही, ती विद्यार्थ्यांना ऐकण्यापेक्षा बोलण्याचीच सवय लावते.