'बमेल'मधील सायकल

जेरोम के. जेरोमच्या 'थ्री मेन ऑन द बमेल' (१९००) या ग्रंथास सायकलप्रवासाचे वर्णन मानण्याचा प्रघात तपासून पाहण्याजोगा आहे. हॅरिस व जॉर्ज जोडसायकलीवर, निवेदक स्वतंत्र सायकलीवर, आणि वाट जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टची. परंतु दिवसभराच्या दौडीस ग्रंथात अल्पच स्थान मिळते. सायकलीविषयीचा सर्वांत सरस उतारा जाहिरातींतील चित्रांचा आहे: तेथे स्वारास क्वचितच श्रम पडतात. हा उपहास (जेरोम तसे म्हणत नसला तरी) प्रवासवर्णनांनाही लागू पडतो. शीर्षकातील जर्मन शब्दात निरुद्देश भटकणे अभिप्रेत असून त्याचा उलगडा अखेरीस होतो. तो झाल्यावर वर्णनाची उणीव हेतुपूर्वक भासते. तथापि 'थ्री मेन इन अ बोट'ला (१८८९) थेम्स नदीने दिलेली सलगता या रस्त्यांना देता आलेली नाही.