पडीक कशाला म्हणायचे?

केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांनी मिळून तयार केलेला ‘वेस्टलँड्स ॲटलास ऑफ इंडिया’ भूगोल शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी चाळावा. २०१९ च्या आवृत्तीनुसार देशाची ५ कोटी ५७ लाख हेक्टरांहून अधिक, म्हणजे १६.९६ टक्के जमीन ‘पडीक’ आहे. उपग्रहांच्या चित्रांवरून सबंध देश जिल्हावार तपासण्याचे काम प्रचंड आहे, आणि ते नेटके झाले आहे. आमची तक्रार मोजमापाबद्दल नाही, मोजलेल्या वस्तूला दिलेल्या नावाबद्दल आहे.

बोदवडचेच उदाहरण घेऊ. गावाभोवती कपाशीची काळी जमीन आहे. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगांकडे जमीन चढत जाते तसा मातीचा थर पातळ होतो आणि मुरूम वर येतो. तिथे हिवर, बाभूळ, बोर अशी विरळ झाडे आणि मधल्या जागेत गवत. पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. अशा हवामानात विरळ झाडांचे गवताळ रान तयार होते, त्याला शास्त्रात सॅव्हाना म्हणतात. आफ्रिकेतला सॅव्हाना आपण पाठ्यपुस्तकात रंगीत चित्रासह शिकवतो. आपल्या शिवारातला मात्र ॲटलासमध्ये ‘झुडपी जमीन’ या नावाने पडीक ठरतो. ॲटलासच्या २३ प्रकारांत सॅव्हाना हा शब्दच नाही.

ही नुसती शब्दांची कुरकुर नव्हे. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती ‘वेस्ट’, ही व्याख्या इंग्रजी महसूल खात्याची होती आणि ती आपण तशीच पुढे चालवली. पडीक म्हटले की ती सुधारणे आले, आणि सुधारणे म्हणजे बहुधा खड्डे खणून झाडे लावणे. जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिले, की आशियातील अशी राने म्हणजे तुटलेली जंगले नव्हेत. ती फार प्राचीन आहेत. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तर जुन्या मराठी साहित्यातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील माळराने निदान साडेसातशे वर्षे मोकळीच असल्याचे मांडले. (मराठीच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र वाचावा असा हा लेख आहे.) माळढोकाला दूरवर नजर पोचेल अशी उघडी जमीन लागते. तिथे झाडांची रांग उभी करणे म्हणजे त्याचे घर मोडणेच.

मग चराईचे काय? ॲटलासमध्ये ‘ऱ्हास पावलेली कुरणे’ असाही एक प्रकार आहे, आणि तो खोटा नाही. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, म्हणून वरचे पाते खाल्ले तरी ते पुन्हा फुटते. पण फुटण्यासाठी मुळांतला साठा लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून सतत तोंड लागले, बी धरायला उसंतच मिळाली नाही, की आधी मारवेल आणि पवन्यासारखी रसाळ बहुवर्षायू गवते मागे हटतात. कुसळी पुढे येते, आणि शेवटी दोन महिन्यांत वाळणारे वर्षायू गवत उरते. गावातली गुरे तेवढीच राहून गायरान निम्मे झाले, तर दोष गुराख्याचा की गायरान घेणाऱ्याचा, हे उपग्रहाला दिसत नाही.

उलट टोकाची चूकही आपण केली आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई बंद करण्यात आली. त्यावरून संघर्ष झाला, गोळीबारात माणसे मेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात असे दिसले, की म्हशी नाहीशा होताच पाणगवताने तळी भरून गेली आणि पाणपक्ष्यांची जागा आटली. सेरेंगेटीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. बुळकांड्या रोग गुरांना लस टोचून आटोक्यात आला, तशी १९६० नंतर विल्डबीस्टची संख्या काही लाखांवरून दहा लाखांपलीकडे गेली. त्यांनी गवत खाल्ले, वणवे कमी झाले आणि झाडे वाढली.

आपल्याकडे मोठे जंगली कळप उरलेले नाहीत. धुळे भागातल्या ठेलारींच्या मेंढ्या आज काही अंशी ते काम करतात, आणि काळवीट कमी झाले तिथे लांडगा याच मेंढ्यांवर जगतो. ते फिरते आहेत, एका जागी बसत नाहीत, ही गोष्ट गवताच्या दृष्टीने मोलाची. ॲटलासच्या नकाशात या वाटांना रेघसुद्धा नाही.

ॲटलास एका बाबतीत मात्र सरस आहे. तापी-पूर्णेकाठच्या घळी त्यात बरोबर ओळखल्या आहेत. तिथली माती खरोखरच वाहून जाते आहे, आणि तिथे काही करायलाच हवे.

शाळेजवळ गायरान असेल तर जूनमध्ये ग्रामपंचायतीला विचारून दोन मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन काट्यांनी कुंपून घ्यावा आणि शेजारचा तेवढाच चौकोन मोकळा ठेवावा. दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्हींतील गवताचे प्रकार, उंची आणि उघडी जमीन विद्यार्थ्यांकडून मोजून घ्यावी. एका वर्षावर निष्कर्ष काढू नये, पावसाचा फरकच मोठा असतो. तीन वर्षे तरी नोंदी ठेवाव्यात, आणि तालुक्याच्या नकाशात त्या जागेला कोणता रंग दिला आहे, तेही वहीत लिहून ठेवावे.