मराठी ऐतिहासिक कादंबरीतील जीवनबोध : 'स्वामी'च्या संदर्भात

स्वातंत्र्योत्तर कालखंडात मराठी ऐतिहासिक कादंबरीला जो विशाल वाचकवर्ग लाभला, त्यात रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (१९६२) या कादंबरीचा वाटा फार मोठा आहे. साहित्य अकादमीच्या पुरस्काराने (१९६४) तिच्यावर वाङ्मयीन मान्यतेची मोहोर उमटविली. वाचकांनी तिला त्यापलीकडचा दर्जा दिला, तो जीवनाला मार्गदर्शन करणाऱ्या ग्रंथाचा. वक्तृत्वस्पर्धेतील भाषणापासून निरोपसमारंभापर्यंत थोरले माधवराव पेशवे कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून उभे केले जातात. या वाचनपद्धतीची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

तिची पाळेमुळे जुनी आहेत. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी 'जीवनासाठी कला' ही भूमिका आयुष्यभर सांभाळली. मात्र 'ययाति'तील (१९५९) बोध चुकलेल्या माणसाच्या मुखातून येतो, म्हणून तो वाचकाला अस्वस्थ करतो. 'स्वामी'चा नायक आदर्श आहे. आदर्शापुढे वाचक नतमस्तक होतो. त्याच्याशी वाद घालीत नाही. हा भेद लहान नव्हे.

वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवेपद, चुलत्याशी संघर्ष आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू, ही जीवनरेषाच शोकात्म आहे. देसाई यांनी ती राजकारणापेक्षा कौटुंबिक भावबंधांतून रंगविली. कादंबरीचे सामर्थ्य त्यातच आहे, आणि मर्यादाही. आळेगाव येथे (१७६२) माधवराव राघोबादादांच्या स्वाधीन झाले. प्रेरणादायी वाचन या प्रसंगातून वडीलधाऱ्यांविषयीची नम्रता काढते. वस्तुतः तो पराभव होता, आणि त्यात राजकीय हिशेबही होता. त्याची किंमत या परिसरानेही मोजली. राघोबादादांनी मिरजेवर स्वारी केली आणि गोपाळराव पटवर्धन निजामाच्या पक्षास मिळाले. हेच गोपाळराव पुढे माधवरावांच्या कर्नाटक मोहिमांत प्रमुख सरदार म्हणून वावरले. त्यांना स्वामिनिष्ठ म्हणावे की स्वामिद्रोही? सुविचाराच्या चौकटीत हा माणूस बसत नाही. म्हणून भाषणांतून तो सहसा वगळला जातो. मिरजेपासून हाकेच्या अंतरावरील महाविद्यालयांत तरी तसे होऊ नये.

याच लेखकाच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रात्म कादंबरीच्या दारातच एक चिकित्सक उभा करण्याचा हा लेखकीय मोठेपणा होय. 'स्वामी'च्या वाचकाला असा सोबती लाभला नाही.

त्याची उणीव सर्वाधिक जाणवते ती शेवटी. थेऊर येथे माधवरावांचे निधन (१७७२) आणि रमाबाईंचे सहगमन, हा या कादंबरीचा भावनिक उत्कर्षबिंदू. सतीची घटना ऐतिहासिक आहे. ती लिहिल्याबद्दल लेखकास दोष देता येणार नाही. परंतु तिच्याभोवतीचे मांगल्य हे इतिहासाचे नव्हे, कादंबरीचे देणे आहे. ज्या वर्गात निम्म्या विद्यार्थिनी बसलेल्या असतात, तेथे माधवरावांकडून कर्तव्य शिकावे असे सांगितल्यावर रमाबाईंकडून काय शिकावे, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. 'पतिनिष्ठा' हे उत्तर प्राध्यापकांना देता येत नाही, आणि प्रेरणादायी वाचनाजवळ दुसरे उत्तर नाही.