तांब्यावरचे झेंडे

कोल्टच्या ‘१८५१ नेव्ही’ रिव्हॉल्व्हरबरोबर पेटीत मिळणारी बंदुकीच्या दारूची कुपी समोर आली की नजर आधी नक्षीवर जाते. पोटाच्या दोन्ही बाजूंना झेंडे, तोफ, शस्त्रांची दाटी आणि खाली पट्टीवर ‘कोल्ट्स पेटंट’ ही अक्षरं. एवढा लष्करी थाट, तोही मापाच्या भांड्यावर! कारण ही कुपी शेवटी मापच आहे. तोटीच्या तोंडावर बोट ठेवून ती उलटी धरायची, अंगठ्याने खटका दाबायचा आणि तोटी भरली की सोडायचा. सिलिंडरच्या एका घराला पुरेल एवढीच दारू तोटीत अडकते. घरं सहा, म्हणजे हा खेळ सहा वेळा. ठिणगीचं भय असल्यामुळे अंग तांब्या-पितळेचं; पोलादी पट्टीची स्प्रिंग असते ती बाहेर, झाकणावर.

कोल्टच्या १८३६ सालच्या पॅटरसन रिव्हॉल्व्हरसाठी पाच तोट्यांची कुपी निघाली होती, पाचही घरं एका दमात भरणारी. कल्पना झकास, पण मला नेव्हीची साधी एकतोटीच अधिक देखणी वाटते. तिच्यात सगळी कारागिरी पोटावर खर्च झाली आहे.

आणि खरी-खोटी ओळखायची तीही पोटावरूनच. पातळ पत्र्याचे दोन अर्धे भाग पोलादी साच्यांत ठोकायचे आणि काठावर डाख देऊन जोडायचे, अशी ही घडण. साचा चांगल्या कोरणाऱ्याच्या हातचा असेल तर झेंड्याच्या चुण्या सुट्या दिसतात, तोफेचं चाक आऱ्यांसकट उठून येतं. १९६०च्या सुमारास, अमेरिकी यादवीच्या शताब्दीच्या सुमाराला, इटलीत या रिव्हॉल्व्हरांच्या नकला बनू लागल्या आणि त्यांच्यासोबत कुप्याही. हौशी नेमबाजांसाठी त्या उत्तम, त्यात लबाडी काही नाही. लबाडी सुरू होते ती नंतर कुणी त्यांना आम्लाने काळवंडून म्हातारं केलं की. नकलेत चुण्या एकमेकींत विरघळलेल्या असतात, जणू कोरणाऱ्याने झेंडा फक्त चित्रात पाहिला आहे.

काळेपणाही नीट वाचावा लागतो. घरातल्या जुन्या समईचे उंचवटे हातांनी उजळ राहतात आणि खाचांत काळं साचतं, तसंच इथे हवं. आम्ल मात्र उंच-सखल जाणत नाही, सगळीकडे सारखं बसतं. अंगठा जिथे रोज टेकायचा तो खटका झिजला नसेल आणि पोट मात्र फार झिजलेलं असेल, तर मी ती कुपी खाली ठेवतो. झाकणाच्या स्क्रूंच्या खाचा, आतल्या कोपऱ्यात उरलेला नव्या लाखेचा चकाकता थर आणि मूळ देशाचं नाव घासून काढल्यासारखा सपाट डाग, एवढं भिंगाखाली पाहिलं की बहुतेकदा निकाल लागतो.

कारखान्याच्या नावावर मात्र भिस्त ठेवू नये. शेफील्डच्या जेम्स डिक्सन अँड सन्सचं नाव, किंवा कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या अमेरिकन फ्लास्क अँड कॅप कंपनीचं, खऱ्या कुप्यांवर सापडतं; पण अक्षरं ठोकणं हे झेंडा कोरण्यापेक्षा कितीतरी सोपं काम आहे. नक्षीच कुठल्या साच्याची ते ठरवायला संग्राहक अजून रे राइलिंगचं १९५३चं ‘द पावडर फ्लास्क बुक’ उघडतात आणि त्यातला क्रमांक सांगतात.

‘ही यादवीतल्या अमुक सैनिकाची’ ही गोष्ट विक्रेता हमखास सांगतो. त्या युद्धात सैनिकांना बहुधा कागदी काडतुसांची तयार पुडकी मिळत. सजवलेली कुपी शोभायची ती खासगी मालकाच्या मखमली पेटीत, गोळीचा साचा आणि बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी यांच्या शेजारी. त्यामुळे सैनिकाची कथा ऐकून मी किंमत वाढवत नाही. पेटीसकट कुपी आली असेल तर ती तिच्या कप्प्यात ठेवून पाहतो: मखमलीवरचा दाब तिच्याच पोटाचा आहे की दुसऱ्या कुणाच्या? सुट्या वस्तू जमवून केलेले ‘संच’ बाजारात पुष्कळ असतात, आणि मोठी किंमत संचालाच मिळते.