प्रभुभोजनाचा प्याला आणि घरचा माठ

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. समीक्षकांनी त्यातला विनोद वाखाणला, प्रांजळपणा वाखाणला, घरगुती भाषेचे कौतुक केले. ते योग्यच आहे. पण १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाकडे मी एक वेगळा प्रश्न घेऊन जातो. ख्रिस्ती माणसाची श्रद्धा खरी की खोटी, हे पाहायचे कुठे? देवळात की घरात?

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळे. नंतर राहुरीला त्यांच्या मनाने कौल दिला, की जात देवाने केलेली नाही, ती माणसाने केली. मग त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्याच्याही नंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी माठ मोकळा झाला, मग डोक्यावर पाणी पडले. आपल्या कित्येक मंडळ्यांत याच्या उलट झाले. बाप्तिस्मा झाला, पण माठ होता तसाच राहिला.

परंतु इथेच थांबून चालणार नाही. लक्ष्मीबाईंनी जे सोडले ते वरचे स्थान होते. ज्याला सोडायला असे स्थानच नव्हते, त्याची साक्ष कोणी लिहिली? १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आले. त्याच्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार-मांगांनी. मराठी साहित्याने मात्र ख्रिस्ती साक्ष म्हणून मानली ती बाबा पदमनजींच्या 'अरुणोदया'ची आणि टिळक पति-पत्नींची. बाकावर बसणारे आम्ही. पुस्तकात बोलणारे दुसरे.

म्हणून आमची एक साक्ष इथे नोंदवतो.

तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझा बाप्तिस्मा झाला. मंडळीच्या वहीत माझे एक नाव आहे, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. दाखल्यावर जात आहे 'हिंदू महार'. ती वडिलांनी लिहवली. तिच्याशिवाय मला शिष्यवृत्ती मिळाली नसती. ही गोष्ट पाळकांच्या कानावर गेली आणि पुढच्या रविवारी त्यांनी हनन्या आणि सप्पीरा यांच्यावर उपदेश केला. जमिनीच्या पैशाबद्दल देवाशी खोटे बोलले आणि जागीच मेले, ते नवरा-बायको. सगळी मंडळी आमच्याकडे पाहत होती. उपासना संपल्यावर वडील एवढेच म्हणाले, "साहेब, देवाला माझं नाव ठावं हाय. सरकारला चालत नाय, त्याला मी काय करू?"

हनन्याजवळ विकायला जमीन तरी होती. माझ्या बापाजवळ काय होते? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख त्यात आले, १९९० साली बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहे. महाराष्ट्रात त्याची गणना इतर मागासवर्गात होते. गावाने त्याला महारवाड्यातून उठवले नाही. कागदाने मात्र उठवले. बाप्तिस्म्याने याची जात गेली असे शासन म्हणते, आणि शासनाला खोटे सांगतोस असे पाळक म्हणतो. दोघांच्या मध्ये उभा असतो तो भूमिहीन माणूस.

आता दुसरी बाजू. त्याच मंडळीतल्या एका मांग ख्रिस्ती मुलाचे आणि महार ख्रिस्ती मुलीचे लग्न ठरू घातले. दोघे एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेत आलेली. वडीलमंडळींनी ते मोडायला जंग जंग पछाडले. शेवटी त्यांना तालुक्याला जाऊन रजिस्टर लग्न करावे लागले. त्या रविवारी मात्र हनन्याची आठवण कोणाला झाली नाही.

त्या दिवशी वाचायला हवा होता गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही जण आले तसा तो भिऊन उठला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष तोंडावर दोषी ठरवले. पेत्राने ख्रिस्ताविषयी काही वेगळे शिकवले होते काय? नाही. तो फक्त पंगतीतून उठला होता. पौलाच्या लेखी तेवढ्यानेच शुभवर्तमानाचे सत्य मोडले. ही कसोटी आमच्याच ग्रंथात असताना आम्ही ती लावतो कोणाला? शाळेच्या दाखल्याला. सोयरिकीला नाही.

धर्मांतरितांमधली जात मोडली का, हा प्रश्न डॉ. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला विचारला. तो निबंध १९८९ साली त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आला. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या ईश्वरविद्येची मागणी मांडली. दलित ईश्वरविद्येची वाट तिथून पुढे निघाली. पण विद्या कॉलेजात राहिली आणि मंडळीत सोयरिकी जातीतच होत राहिल्या, तर तो आणखी एक सोवळ्याचा माठच होईल.

दोन नावे वागवणे हे मी भूषण म्हणून सांगत नाही. ते ओझे आहे. ज्या दिवशी १९५० च्या आदेशाविरुद्ध पाळक आमच्याबरोबर मोर्चात चालेल, आणि महार-मांगांचे लग्न स्वतः देवळात लावील, त्या दिवशी त्याने मला माझे खरे नाव विचारावे. मी सांगेन. तोवर आमच्या तरुणांनी आपली साक्ष स्वतः लिहावी, दोन्ही वह्यांसकट लिहावी.