हेरांचे वृत्त: माल्कम व व्हेनियामिनोव्ह यांच्या ग्रंथांविषयी

गणनाच्या तेराव्या अध्यायातील बारा हेर चाळीस दिवस देश हिंडून परत आले. त्यांनी अष्कोलचा द्राक्षघड आणला, नगरांच्या तटबंदीचे वर्णन आणले, कोणते लोक डोंगरात आणि कोणते समुद्राकाठी राहतात ही माहितीही आणली. त्या देशातील एकाही मनुष्याशी ते बोलल्याचा उल्लेख मात्र त्या अध्यायात नाही. (राहाबेची गोष्ट निराळी, तेथे हेरांचे प्राणच तिच्या हाती होते.) जी भूमी घ्यावयाची आहे तिचे वर्णन करणारे विपुल वाङ्मय पुढील काळात निर्माण झाले. त्यातील दोन ग्रंथ आम्ही येथे शेजारी ठेवून वाचणार आहोत. एक आमच्या इंदूरच्या परिसराविषयी आहे, दुसरा रशियन साम्राज्याच्या अतिदूर पूर्व टोकाविषयी.

पहिला ग्रंथ सर जॉन माल्कम यांचा ‘मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया’, दोन खंड, लंडन, १८२३. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी झाली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला, आणि तो तह घडवून आणणारा हाच सेनानी महूच्या छावणीतून माळव्याची घडी बसवू लागला. ग्रंथाची थोरवी मान्य केलीच पाहिजे. अहिल्याबाईंविषयीचे त्याचे लेखन आजही इतिहासकारांना टाळता येत नाही, कारण ऐकलेल्या स्तुतीवर न विसंबता त्याने अनेकांकडे चौकशी करून ती पारखून घेतली. कॅप्टन डेंजरफील्डकडून त्याने माळव्याच्या भूगर्भाचे टिपण घेतले. याच अधिकाऱ्याने भिल्ल मुलखातील बाघच्या लेण्यांचेही वर्णन केले आहे.

परंतु लेखणी मैदान सोडून डोंगरात शिरली की तिचा स्वर पालटतो. भिल्लांच्या उत्पत्तीची जी कथा माल्कम देतो तिच्यात महादेवाचा एक कुरूप व दुर्वर्तनी पुत्र पित्याच्या आवडत्या नंदीस मारतो, रानात हाकलला जातो, आणि भिल्ल हे त्याचे वंशज ठरतात. म्हणजे हा समाज जन्मतःच अपराधी, आणि रान हे त्याचे घर नसून त्याची शिक्षा! ही कथा कोणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न अहिल्याबाईंच्या बाबतीत इतका चौकस असलेल्या लेखकाने येथे विचारला नाही. रजपुतांनी भिल्लांकडून मुलूख घेतल्याची स्मृती त्याला ठाऊक होती. मेवाडच्या राज्याभिषेकात भिल्लाच्या अंगठ्याच्या रक्ताचा टिळा लावीत, ही टॉडने नोंदविलेली प्रथाही मूळ मालकाची खूणच होय. तरी माल्कमच्या विवेचनात भिल्ल उरतो तो रस्त्यांच्या सुरक्षिततेचा एक प्रश्न म्हणून. नाईकांचे तनखे ठरवावेत, तरुणांस पलटणीत घ्यावे, वाटा मोकळ्या कराव्यात, हा त्यावरचा उपाय. उपायात दया आहे, हे नाकारता येत नाही. पण ज्याच्यावर दया करावयाची त्याचे म्हणणे त्यात नाही.

आता उत्तरेकडे वळू. १५८०च्या दशकारंभी येर्माकने उरल ओलांडला आणि १६३९ मध्ये मोस्क्वितिन पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोहोचला. साठ वर्षांच्या आत एवढे खंड पादाक्रांत झाले ते मुख्यतः केसाळ कातड्यांसाठी. प्रत्येक जमातीवर ‘यासाक’ नावाची कातड्यांची खंडणी बसविली जाई, आणि ती वेळेवर यावी म्हणून त्यांचे आप्त ओलीस ठेवले जात. १७४१च्या बेरिंगच्या सफरीनंतर हीच रीत अल्यूत बेटांवर गेली. १७८४ मध्ये कोडियाक बेटाजवळ शेलिखोव्हच्या माणसांनी आश्रयाच्या खडकावर जमलेल्या रहिवाशांची कत्तल केली.

१८०४ मध्ये सिटका येथे त्लिंगित लोकांविरुद्ध बारानोव्हने शेकडो अल्यूत व कोडियाक शिकारी होड्यांसह नेले. हे वाचताना आम्हांस सातपुड्यातील आंबापाणी आठवले. खानदेश भिल्ल पलटण १८२५ मध्ये उभी राहिली. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत ती इंग्रजांच्या बाजूने होती, आणि समोर भीमा नाईक व खाज्या नाईक यांचे भिल्ल होते. ज्यांना वश केले त्यांच्याच हातांनी शेजाऱ्यास वा भाऊबंदास वश करावयाचे, ही युक्ती दोन्ही साम्राज्यांना सारखीच सुचली.

दुसरा ग्रंथ उनालाश्का बेटांविषयीच्या टिपणांचा, तीन भागांत, १८४० मध्ये प्रसिद्ध झालेला. त्याचा कर्ता इओन व्हेनियामिनोव्ह हा गावचा साधा पाळक. १८२४ मध्ये तो उनालाश्कास आला, स्वतः सुतारकाम करून मंदिर उभारले, आणि इव्हान पान्कोव्ह या अल्यूत प्रमुखाच्या साह्याने त्या भाषेस लिपी दिली. मत्तयाचे शुभवर्तमान त्या भाषेत आले. त्याच्या टिपणांत अल्यूतांच्या कथा, रीती व स्वभाव आहेत, आणि पूर्वीच्या रशियन शिकाऱ्यांचे अत्याचारही नावानिशी आहेत. ज्यांच्यात राहिला त्यांच्याकडून ऐकल्यावाचून असे पुस्तक लिहिता येत नाही. तरीही त्याला साधू ठरवून ग्रंथ मिटणे बरे नव्हे. छपाईचा खर्च रशियन-अमेरिकन कंपनीने केला होता, आणि त्याच कंपनीसाठी अल्यूतांना सक्तीने शिकारीस जावे लागे. त्या व्यवस्थेच्या मुळाशी व्हेनियामिनोव्ह हात घालीत नाही. १८६७ मध्ये अलास्का विकला गेला तेव्हा सौद्याविषयी तेथील मूळ रहिवाशांस कोणी विचारले नाही.

मराठी वाचकाने इंग्रज आणि रशियन यांच्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. कोपरगाव येथे बाळाजी लक्ष्मण या मराठी अंमलदाराने भिल्लांना विश्वासाने बोलावून विहिरींत लोटले, असे खानदेशचे १८८०चे गॅझेटियर सांगते. होळकरशाहीचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या शहरात हे पान फारसे उघडले जात नाही.

मिशनच्या बाबतीत पाहता, कॅनडियन प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ मध्ये इंदुरास आले आणि पुढे अलीराजपूरच्या आमखुटपर्यंत पोहोचले. खेरवाड्याकडे चार्ल्स टॉम्प्सन या धर्मोपदेशकाने भिली भाषेचे व्याकरण १८९५ मध्ये छापले. १९००च्या दुष्काळात लोकांची सेवा करीत असता पटकीने तो वारला. आम्हांस व्याकरणाचे ते छोटे पुस्तक माल्कमच्या दोन खंडांहून वजनदार वाटते. अर्थात हे मत पक्षपाती आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

कारण माल्कमची लेखणी आमच्याच दौतीत बुडालेली असते. झाबुआ, धार, अलीराजपूरकडील कामाचे जे अहवाल आमच्या पाहण्यात आले, त्यांत बाप्तिस्म्यांची संख्या असते, शाळेचा पट असतो, आणि लोकांविषयी दोन-तीन विशेषणे असतात: व्यसनी, अस्थिर, भोळे. आम्ही स्वतःही एका पाड्याविषयी ‘येथील लोक एका जागी टिकत नाहीत’ असे लिहिले होते. पुढच्या भेटीत ते वाक्य सोबतच्या सुवार्तिकाने भिलीत सांगितले. तेव्हा एका वृद्धाने बसल्या जागेवरून टेकडीकडे हात करून, कोणते शेत कुणाच्या आजाचे होते आणि ते कसे सुटले, हे एकेक करून सांगावयास आरंभ केला. सायंकाळ झाली तरी त्याची यादी संपली नव्हती, आणि आमच्याजवळील कागद केव्हाच संपला होता.